उसनी एकादशी

मार्गशीर्ष शु. ९, शनिवार. वाई.

साताऱ्यास जाऊन आलो. वजन सत्तेचाळीस, दिवाळीपासून दोन किलो उतरले. डॉक्टरांनी दुर्बिणीची छायाचित्रे पुन्हा समोर धरली. लहान आतड्याचा शेवट सुजलेला, जागोजाग व्रण. क्रोन हे या दुखण्याचे नाव आता पाठ झाले आहे. स्टेरॉईडच्या गोळ्या चालू ठेवावयाच्या; रोज सकाळी, आणि काही खाऊन मगच. एकही दिवस चुकवू नये, हे त्यांनी दोनदा सांगितले. मग चष्म्यावरून पाहत: "आणि शास्त्रीबुवा, उपवास बंद."

मी तोंड उघडण्यापूर्वी सौ. ने "बंद" म्हणून टाकले. माझ्या वतीने.

त्रेपन्न वर्षांत एकादशी चुकलेली नाही. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात माझ्याकडून शब्द घेतला होता, घरची एकादशी खंडू नये म्हणून. माझ्याकडून घेतला, वसंताकडून नव्हे. तो तेव्हा सांगलीस दुकानासाठी जागा पाहत हिंडत होता.

घरी येताच सौ. ने सांगलीस फोन लावला. वसंताचा आवाज खोलीच्या या टोकापर्यंत ऐकू आला. "वहिनी, दादाला म्हणावं, दुर्बिणीत काय दिसलं ते देवाला बी ठाऊक हाय!" आणि हसणे.

धाकटा भाऊ, वय एकाहत्तर. पन्नास वर्षे भडंग परततो, भडंग विकतो, भडंग खातो. लसूण, मिरची, तेल. बाजारात राहून भाषाही बाजाराची झाली. संध्या नाही, सोवळे नाही. एकादशीस मिसळीच्या कटात पाव बुडवताना मी त्यास स्वतः पाहिले आहे. आणि त्याचे आतडे शुद्ध कांचन.

समासात ६ लिहिला. षड्रिपूंतील सहावा. त्याचे नाव लिहावयास हात धजत नाही, म्हणून तीस वर्षे आकडाच लिहीत आलो. पूर्वी वर्षातून दोन-चारदा यावयाचा.


मार्ग. शु. ११, सोमवार.

मोक्षदा. तडजोड केली, निराहार नाही, फलाहार. उकडलेले रताळे, दूध, मग गोळी. सौ. समोर पाट मांडून बसली. "तेवढं संपलं की मी उठते." संपविले. दुपारी कळ. रताळ्याचीच असावी. चार वाजेपर्यंत भिंतीस पाठ लावून. स्तोत्रपाठ अर्धा राहिला.

शेवंताबाई, आमच्याकडे झाडलोटीस येते ती, मेढ्याकडची: "आवं आजोबा, देव काय तुमच्या पोटात बसून घास मोजतुया व्हय?"

पाठशाळेत चाळीस वर्षे इतरांच्या शंकांचे निरसन करीत आलो.


मार्ग. व. ३, रविवार.

वसंता आणि गार्गी येऊन गेली. गार्गी त्याची एकुलती एक. तिची आई लवकर गेली. वसंताने दुकान सांभाळून वाढविली. आता पुण्यास प्रयोगशाळेत आतड्यावरच संशोधन करते. तिचे नाव मी ठेवलेले. शब्दरूपे मी पाठ करवून घेतली, उन्हाळ्याच्या सुटीत, याच ओसरीवर, तिच्या सातव्या वर्षी. आज गाडीतून उतरली ती बापाच्या हातची पिशवी ओढून घेत, "बाबा, तुम्ही आधी बसा." मला नमस्कार नंतर.

लाळ घेण्याच्या दोन नळ्या आणल्या होत्या. "एकाच आईवडिलांची दोन मुलं. एकाला आजार, एकाला नाही. मला दोघांची जनुकीय घडण शेजारी शेजारी ठेवून पाहायची आहे. तुमची इच्छा असेल तरच हं, मोठेकाका." दोघांनी सह्या केल्या. वसंता नळीत थुंकता थुंकता: "आयला, आयुष्यात पहिल्यांदा कुणी थुंक म्हणालं आणि वर बरणी धरली!" सौ. ला हसू आवरेना. विनोद दुसऱ्या कोणी केला असता तर मीही हसलो असतो.

मग गार्गीने समजावून दिले. विस्मरण होऊ नये म्हणून लिहितो. आतड्याच्या आतल्या अस्तरास बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाशी काही पेशी पहाऱ्यास बसलेल्या. जंतूंवर टाकावयाच्या औषधाच्या पुड्या बांधून तयार ठेवणे हे त्यांचे काम. प्रत्येक पेशी आपल्यातले मोडके भाग, आत शिरलेला एखादा जंतू, हे सर्व एका पिशवीत गुंडाळते, विरघळविते, आणि त्यातूनच नवे घडविते. हे स्वच्छतेचे काम लुळे पडले की पहारेकऱ्यांच्या पुड्या वेड्यावाकड्या बांधल्या जातात, जंतू रेंगाळतात. मग शरीर बाहेरून फौज बोलावते. आणि ती फौज चोर कोण, धनी कोण, हे पाहत नाही. सरसकट झोडपते. माझे व्रण त्या झोडपण्याचे.

मी म्हणालो, "म्हणजे निर्माल्य. देवावरून उतरलेली फुले आपण केरात टाकीत नाही. जास्वंदीच्या आळ्यात घालतो. त्याचेच पुढे फूल होते आणि पुन्हा देवाच्या माथ्यावर जाते."

तिचा चेहरा उजळला. "मोठेकाका, हे मी व्याख्यानात वापरणार!" वसंता माझ्याकडे पाहत होता. तो एक क्षण माझा होता.

मी विचारले, "पेशी उपाशी असली तर?"

"तर हे काम जोराने करते. बाहेरून काही येत नाही ना, मग घरातलंच मोडकंतोडकं वापरायला काढते. पण..."

इतक्यात वसंताने भडंगाचा पुडा फोडला आणि "वहिनी, कांदा चिरा!" म्हणून हाक दिली. गार्गी ताटल्या आणावयास आत गेली. पुढचे वाक्य राहिले. मला त्याची गरजही वाटली नाही. जे हवे होते ते मिळाले होते. ऋषींनी पंधरवड्यातून एकदा उपाशी राहण्यास उगाच सांगितले नाही.

तो ओसरीवर बसून मुठीमुठीने भडंग खात होता. कुरुम-कुरुम.

६.


मार्ग. व. ११, सोमवार.

सफला. निराहार. केवळ तीर्थ व तुळशीचे पान. गोळी खाल्ल्यावर घ्यावयाची. खाणेच नाही तर गोळी कशी? सौ. ने उशाशी ठेवलेली गोळी मी गंधाच्या डबीत लपविली. सौ. स सांगितले, दूध घेतले. दूध मांजराच्या वाटीत.

असत्य बोललो. परंतु अंग हलके. कळ नाही. आत केरसुणी फिरते आहे असे वाटत होते. सायंकाळी वसंताचा फोन: "दादा, काय खाल्लंस?" म्हणालो, "तुला काय कळणार त्यातले." मोठ्याने हसला. हसू दे.


मार्ग. व. १३, बुधवार.

दोन दिवस उत्तम. तिचे शास्त्र व माझे शास्त्र एकच बोलते, हे तिला पत्राने कळवावे काय? नको. आधी फळ दिसू दे. पुढच्या एकादशीस विधी पूर्ण करीन: दशमीस एकभुक्त, एकादशीस निर्जळ, द्वादशीस पारणे. वडील करीत तसा. दशमीचे एक भोजन सायंकाळी, म्हणजे त्या सकाळची गोळीही नाही. तीन दिवस पेशी आपले घर झाडील.

वसंतास एक दिवसही जमणार नाही. ही एक गोष्ट त्याच्यापाशी नाही.


पौष शु. ११, मंगळवार.

पुत्रदा एकादशी. त्रेपन्न पुत्रदा झाल्या. आमची कूस रिकामीच. ज्याने एकही केली नाही त्यास गार्गी. देवाचा हिशेब विचारू नये असे शिकवीत आलो.

डबीत आणखी दोन गोळ्या. जीभ कोरडी. अक्षर थरथरते. पाठ करताना ओळ पुन्हा पुन्हा तीच येते आहे. उद्या सूर्योदयानंतर पार


पौष पौर्णिमा, शनिवार. सातारा, रुग्णालय.

सौ. ने वही आणून दिली. द्वादशीस सकाळी देवघराच्या उंबऱ्यावरच कोसळलो. पारण्याचे ताट मांडलेले, घास घेतला नव्हता. शेवंताबाईने आरडाओरडा करून शेजारच्यांची गाडी आणविली. दुपारपर्यंत वसंता सांगलीहून हजर.

सौ. ला गंध उगाळताना डबीत गोळ्या सापडल्या. तीन. तिने डॉक्टरांसमोर मूठ उघडली.

गार्गी पुण्याहून आली. खाटेशी बसून, हळू: "मोठेकाका, त्या दिवशी माझं 'पण' तुम्ही सोडून दिलंत. उपाशी पेशी केर वापरते हे खरं. पण ज्याच्याकडे ते कामच लुळं असेल, ज्याचं आतडं सुजलंय, अंगावर मांस नाही, त्याला उपाशी ठेवून बरं वाटेल असं मला कुणी दाखवलेलं नाही. तुमचं शरीर केर नाही खात आता. भिंती खातंय." गोळ्यांचेही सांगितले. इतके आठवडे त्या घेतल्या की शरीर स्वतःचे तसले रसायन करणे थांबविते; गोळी एकदम तोडली तर माणूस असा कोसळतो. जीवावर बेतू शकते. बेतलेच होते.

चूक माझी. तिने सांगितलेले अर्धे ऐकले, ते माझ्या सोयीचे अर्धे.

वसंता तीन दिवस येथेच आहे. भांडे देतो, पाठ पुसतो, परिचारिकांना भडंग वाटतो. एक परिचारिका मला म्हणाली, "आजोबा, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." तो जवळच होता. "भाग्य कसलं, लहानपणी ह्यानं मला लय बडवलंय. आता सापडलाय, फेडून घेतो!" खोलीतले सारे हसले. पलीकडच्या खाटेवरचा, ज्याच्या नाकात नळी आहे, तोही.

मला त्याचे हात नको होते. त्याचेच हात होते.

६. ६.


पौष व. ५, गुरुवार. वाई.

घरी. लाळेच्या तपासणीचे फळ येत्या दोन-चार दिवसांत, असे गार्गी म्हणाली.

आज देवासमोर बसलो असता एक इच्छा मनात उभी राहिली. तिला प्रार्थना म्हणत नाही. वसंताच्या घडणीतही तोच दोष निघावा. निघाला तर आम्ही दोघे एका पंक्तीत. त्याचे हसणे जरा तरी...

देवासमोर बसून धरलेल्या इच्छेस दुसरे काय नाव आहे, हे मी विद्यार्थ्यांना विचारीत असे.

६ पुरेसा नाही. यापुढे आकडा नाही.


पौष व. ९, सोमवार.

गार्गीचा फोन. दोघांत तोच बदल. त्याच जागी, तसाच. पेशीच्या त्या गुंडाळून विरघळविण्याच्या कामातला.

क्षणभर आनंद झाला. लिहून ठेवतो, कारण खोटे लिहिण्यासाठी ही वही नाही.

मग ती पुढे बोलली, आणि या वेळी मी 'पण' नंतरचेही सारे ऐकले. "पण असा बदल पुष्कळ निरोगी माणसांतही असतो, मोठेकाका. एवढ्यानंच आजार होत नाही. कुठला तरी जंतू, एखादं औषध, लहानपणचं एखादं दुखणं, असं बरंच काही जुळावं लागतं. तुमच्यात जुळलं, बाबांच्यात नाही. का, ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

म्हणजे त्याची केरसुणीही माझ्याइतकीच झिजलेली. त्याच केरसुणीने तो एकाहत्तर वर्षे मिरची झाडतो आहे.

घडण निराळी निघाली असती तर दैव म्हणून स्वस्थ बसलो असतो. आता तेही नाही.


पौष व. ११, बुधवार.

षट्तिला, आणि आजच संक्रांत. आज जेवलो. मऊभात, तूप, मीठ. मग गोळी. सौ. ने घास भरविला नाही. नुसती ताटाशी बसून राहिली. पहिला घास गिळताना वडिलांची तसबीर भिंतीवर होती. मान वर केली नाही.

खंडली.

सायंकाळी सांगलीहून वसंता. "दादा, तिळगूळ घे, गोड बोल." आवाज बारीक. नेहमीचा खणखणाट नाही. मागून गार्गी, सणास आलेली: "बाबा, निदान लिंबूपाणी तरी..." आणि घाईने फोन बंद.

पोटाचे काही? विचारावयास हवे होते. पुन्हा फोन लावता आला असता. लावला नाही. का लावला नाही, ते पूर्वी समासात लिहीत असे.


माघ शु. ११, गुरुवार. सांगली.

जया एकादशी. गार्गीचे येथील महाविद्यालयात व्याख्यान, म्हणून सौ. व मी सकाळीच आलो. वाटेत डब्यातला मऊभात खाल्ला, गोळी घेतली. आता भाताची व गोळीची, दोन्हींची सवय होऊ लागली आहे, हे अधिक भयंकर.

गार्गीने निर्माल्य सांगितले. "ही माझ्या मोठ्या काकांची उपमा," असे नाव घेऊन सांगितले. मुलींनी वहीत टिपले. पुढे म्हणाली, "आणि ही माझ्या बाबांची. दुकानात माल येणं बंद झालं की बाबा मोडकी खोकी चुलीत घालतात, फाटकी पोती उसवून त्यांचीच धड पोती शिवतात, चाळणीखालचा चुरा चिवड्यात लावतात. दुकान एक दिवस बंद नसतं." सभागृहात हशा पिकला. एक मुलगी मैत्रिणीस म्हणाली, "आता कळलं गं!"

माझ्या उपमेवर कोणी 'आता कळलं' म्हणाले नाही.

नंतर दुकानी गेलो. वसंता गल्ल्यावर. माझ्यासाठी खुर्ची, सौ. साठी चहा. समोर भडंगाची परात, गरम, लसणीचा वास रस्त्याच्या पलीकडेपर्यंत. त्याने हात लावला नाही. गिऱ्हाईक म्हणाले, "वसंतराव, चव बघून द्या की." हा म्हणाला, "आज नाही. तुम्हीच बघा, बिघडलं असलं तर शिव्या घाला." ओठ सुकलेले. गल्ल्याशेजारी तांब्या आणि त्यावर तुळशीचे पान.

मी पाहत राहिलो. गार्गीने जमिनीकडे पाहिले. सौ. ला ठाऊक होते! ती चहात पाहत होती.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासनं. ही दुसरी." मग, चोरी सापडलेल्या पोरासारखा: "दादा, रागावू नको. घरची खंडू नये म्हणून बाबांना शब्द दिलाय ना. तुझं आतडं न्हाई म्हणतंय, माझं हाय म्हणतंय. घर तर एकच हाय की!"

"वडिलांनी शब्द तुझ्याकडून घेतला नव्हता."

भरल्या दुकानात बोललो. गिऱ्हाइकाचा हात परातीवर थबकला. वसंता हसला नाही. पुडा बांधला, दोरा तोडला, गिऱ्हाइकास दिला. मग म्हणाला, "व्हय. माझ्याकडनं न्हाई घेतला. मी दारातच उभा होतो तवा. मला वाटलं, मलाबी विचारतील."

बावन्न-त्रेपन्न वर्षांत हे वाक्य त्याने प्रथम उच्चारले. तो सांगलीत होता असेच मी धरून चाललो होतो. या वहीतही तसेच लिहिले आहे. मागे जाऊन पाहिले.


माघ शु. १२, शुक्रवार. वाई.

परत आलो. कऱ्हाडच्या अलीकडे सौ.: "तुमची एकादशी तुमच्याच मालकीची आहे होय?"

गार्गीस एकट्याने फोन केला. वसंताच्या घडणीतही तो दोष आहे, तर उपवासाने त्यास अपाय होईल काय? ती म्हणाली, "निरोगी माणसानं पंधरा दिवसांतून एक दिवस उपाशी राहिलं तर काळजीचं कारण नाही. मी बाबांना पाणी प्यायला लावते. तुम्ही काळजीनं विचारलंत, बाबांना सांगू?"

सांगू नकोस म्हणालो. काळजीने विचारले, की आशेने, हे मला ठरविता आलेले नाही. दोन्ही शब्द घालून पाहिले. दोन्ही बसतात.


माघ व. ४, गुरुवार.

साताऱ्यास दुसरे इंजेक्शन. त्या बोलावलेल्या फौजेस आवरणारे. पहिले रुग्णालयातून सोडल्यानंतर आठवड्याने झाले होते. गोळ्या हळूहळू, पायरीपायरीने उतरवावयाच्या. वजन एकोणपन्नास. कळ आठ दिवसांत एकदाच.

डॉक्टर: "छान. काय केलंत?" सौ.: "औषध. आणि भावजींची एकादशी." डॉक्टरांनी औषध तेवढे लिहून घेतले.

माझ्या अंगावर मांस चढते आहे ते वसंताच्या उपासाने, असे घरात बोलले जाऊ लागले. शेवंताबाई तर साऱ्या आळीत: "धाकल्यानं थोरल्याला वढून काढला बगा." त्रेपन्न वर्षांत माझ्या उपासाने कोणाचे काय भले झाले, हे कोणी कधी विचारले नाही. मीही नाही. मी तो कोणासाठी करीत होतो?

वडिलांसाठी, असे लिहिणार होतो. खरे तर त्याच्यापेक्षा वर राहण्यासाठी. पंधरवड्यातून एक दिवस.

आत फौज कशी चुकते ते गार्गीने सांगितले होते. धनी ओळखत नाही.


माघ व. ११, शुक्रवार.

विजया. सायंकाळच्या एस. टी. ने वसंता आला. सकाळपासून पाण्यावर. स्थानकापासून चालत. पिशवीत धूतवस्त्र. त्याच्याकडे धूतवस्त्र होते हेच ठाऊक नव्हते. वडिलांचे आहे, काठावरून ओळखले. इतकी वर्षे ट्रंकेत घालून ठेवले होते, म्हणाला.

"वहिनी, मला काय विचारू नका जेवायचं, न्हाईतर मी हो म्हणीन." सौ. हसली. आज मीही हसलो, तोंड फिरवून.

मग कामाचे बोलला. तीन एकादश्या झाल्या. त्या त्याच्याजवळ ठेवून उपयोग नाही. त्याने कोणाकडून ऐकले आहे की केलेल्या एकादशीचे पुण्य द्वादशीस, पारण्यापूर्वी, हातावर उदक सोडून दुसऱ्यास देता येते. खरे आहे. मीच किती जणांकडून करविले आहे. मुंबईत अंथरुणावर पडलेल्या मुलासाठी आईने दिलेले, गेलेल्या नवऱ्यासाठी बायकोने दिलेले. मी शब्द सांगावयाचे, त्यांनी म्हणावयाचे.

"मला ते संस्कृत येत न्हाई, दादा. तू सांग, मी म्हणतो. तुझ्या हातावर सोडतो. तू घेईस्तोवर मी पारणं करणार न्हाई."

"हा हट्ट झाला."

"व्हय. घरातनंच आलाय."

म्हणालो, उद्या पाहू.

देणाऱ्याचे पुण्य देण्याने उणे होत नाही, उलट वाढते, असे वचन आहे. म्हणजे दिल्यावरही तोच पुढे. हे मनात आले. आजही हेच आले.


माघ व. १२, शनिवार.

सूर्योदय होऊन गेला. पारण्याची वेळ सव्वानऊपर्यंत. आत्ता आठ वाजून चाळीस.

वसंता स्नान करून, वडिलांचे धूतवस्त्र नेसून पाटावर बसला आहे. निऱ्या उलट्या बाजूस गेल्या आहेत. येथून दिसतो. कालपासून पोटात काही नाही. तरी शेवंताबाईशी बोलणे चालू. ती म्हणते, "आवं धाकलं आजोबा, सोवळ्यात लय देखनं दिसताय की." तो: "दिसणारच. उपाशी माणूस लांबनं साधूच दिसतो." दोघांचे हसणे. आवाज त्याचा खोल गेला आहे.

सौ. ने पारण्याचे एकच ताट वाढले आहे, दोन वाट्या आमटी. एक तिखट, त्याची. एक माझी, फिकी. माझी गोळी, आता अर्धीच, ताटाच्या कडेस.

पळी, पंचपात्र, ताम्हन मांडून झाले. संकल्पाचे शब्द मनात फिरवून पाहिले. देश, काल, तिथी. मग देणाऱ्याचे नाव आधी घ्यावे लागते. गोत्र आमचे एकच, म्हणजे ते एकदाच म्हटले तरी दोघांचे होते. हे आजवर लक्षात आले नव्हते. दोन भाऊ एकमेकांस देतात असा प्रसंग माझ्यासमोर कधी आलाच नव्हता.

देणाऱ्याचा हात वर. घेणाऱ्याचा खाली, पसा करून. चाळीस वर्षांत दक्षिणेसाठीही मी हात खाली धरला नाही. ताम्हनात ठेवा म्हणत असे. लोक त्यास वैराग्य म्हणत. मी म्हणू दिले.

घेतले नाही तर तो उपाशी राहील. बसून राहील, हे निश्चित. मी त्यास ओळखतो. घेतले तर आमची एकादशी अखंड, आणि ती त्याची. आतले जे आहे ते घेतल्याने जाईल असे वाटत नाही. जाण्याची वाट पाहावी तर वेळ सव्वानऊपर्यंतच.

सौ. दारात येऊन गेली. "भावजींनी पळी उचललीसुद्धा. लिहिणं झालं का?"

नाही म्हणालो. मग झाले म्हणालो.

वसंता हाक मारतो आहे. "दादा, ये की! पळी भरून धरलीय, सांडंल."

आठ पन्नास. वही मिटतो. उजवा हात मोकळा हवा.